नुसता थकवा

९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसकडून मिळणारी डायरी दरवर्षी आमचे सुखदेव त्यांच्या बँकेत घेऊन जातात. या वर्षी मी ठेवून घेतली. काय लिहायचं ते ठरवलेलं नाही.

आज मेट्रोत उभ्या उभ्या डोळा लागला. कॉलेजची एक मुलगी उठली, म्हणाली, "आंटी, आप बैठ जाइए." मी एकोणपन्नास वर्षांची आहे. जागा देण्याइतकी आंटी झाले असेन असं वाटलं नव्हतं. पण बसले. इतक्या पटकन बसले की तिला थँक्यू म्हणायचंही राहिलं.

मयूर विहारला उतरल्यावर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबले. हल्ली तिथे थांबावंच लागतं. मोबाइल काढून काहीतरी बघतेय असं दाखवते, म्हणजे लोक बाजूने निघून जातात.

ऑफिसात नोटीस लागली आहे. चाळीशीपुढच्या सगळ्या महिला कर्मचाऱ्यांची तपासणी, एका खाजगी हॉस्पिटलात. रक्त, सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं. माझं नाव पहिल्याच बॅचमध्ये होतं. भटनागर मॅडमना सांगून शेवटच्या बॅचमध्ये टाकून घेतलं. संसदेचं अधिवेशन तोंडावर आलंय, खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं कोण तयार करणार? आणि मला काही झालेलं नाही. नुसता थकवा आहे, तो कोणाला नसतो?

स्वयंपाक करताना पुन्हा फ्रीजमधला बर्फ खाल्ला. बाहेर धुकं, सुखदेव हीटरसमोर शाल पांघरून, आणि मी ओट्यापाशी उभी राहून बर्फ कडाकडा चावतेय. अंगात उष्णता वाढली असणार. सब्जा भिजवून घ्यायला हवा.

१८ जानेवारी, रविवार

मराठी मंडळाची बस आज पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला गेली. चौदा तारखेला, लढाईच्या दिवशी, कुणालाच सुट्टी मिळत नाही, म्हणून नंतरच्या रविवारी जातात. सासूबाईंजवळ आमची लेक अनुष्का थांबली होती. ती मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागल्यापासून तिथेच पीजीत राहते, शनिवार-रविवार घरी येते.

सगळे उतरले. मी उतरणारच होते. पायरीपाशी आले, समोर गवतावर ऊन पडलेलं, माणसं स्मारकाकडे निघालेली, आणि ते अंतर बघून मला रडूच आलं. मी परत येऊन सीटवर बसले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तबीयत ठीक नहीं?" म्हटलं, "नहीं नहीं, कई बार देखा है."

खरं तर एकदाही पाहिलेलं नाही.

परतताना सुखदेव दिल्ली येईपर्यंत बोलले नाहीत. गाझीपूरच्या वळणावर म्हणाले, "इतक्या लांब येऊन बसमध्ये बसून राहायचं. लोकांना काय वाटलं असेल?" मी सॉरी म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. मी आळशी झालेय.

२४ जानेवारी

पाळी संपायचं नाव घेत नाही. जायची वेळ आली की असंच होतं म्हणतात. ऑफिसात खुर्चीवर काळी ओढणी घडी करून ठेवते आणि सगळे गेल्यावरच उठते. दोन पेपर मागे पाठवले गेले, माझ्याच चुकांमुळे. आकडे डोळ्यांसमोर होते, पण वाचता येत नव्हते असं काहीतरी.

३० जानेवारी, शुक्रवार

आज सासूबाईंनी पकडलं.

त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर घेऊन चालतात. टक्टक् आवाज येतो, त्यामुळे त्या येताहेत हे आधीच कळतं. आज कळलं नाही. मी तांदूळ निवडत होते आणि अधूनमधून चिमूटभर तोंडात टाकत होते. मागून आवाज आला, "कच्चे तांदूळ खातेस?"

मी म्हटलं, "नाही आई, असेच दोन दाणे."

"आणि बर्फ?"

मी ताटातले खडे शोधू लागले.

"मला पलंगावरून ऐकू येतो बर्फ चावल्याचा आवाज. मला वाटलं अनुष्का असेल. पण ती तर इथे नसते." मग म्हणाल्या, "हात दाखव." एखाद्या मुलाने शाई सांडल्यावर म्हणतात ना, तसं. त्या वर्ध्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या, सवय गेलेली नाही. मी हात पुढे केले. त्यांनी नखं पाहिली, माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "सुखदेवच्या वेळी मी पाटीवरची पेन्सिल खायचे. डबेच्या डबे. मुलांच्या दप्तरातून काढून खाल्ल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, तुझ्यात रक्तच नाही. तू तपासून घे."

म्हटलं घेईन, अधिवेशन झालं की.

"ते कधी होतं?"

"एप्रिलमध्ये."

त्या वळल्या. टक्टक्, टक्टक्. त्यांना दुसरा उद्योग काय. दिवसभर पलंगावर बसून माझे आवाज ऐकायचे.

१ फेब्रुवारी, रविवार

हे आता अति झालं.

सकाळी बीपीची गोळी दिली तर सासूबाईंनी हात मागे घेतला. "तू तपासणी करून ये, मग घेते." मला आधी चेष्टाच वाटली. दुपारची शुगरची गोळीही घेतली नाही. फिजिओथेरपीवाली आली तर म्हणाल्या, "बेटा, आज नहीं करूँगी, मेरी बहू से पूछो क्यों."

सुखदेवना सांगितलं. ते आत जाऊन आले आणि म्हणाले, "ऐकत नाही यार ती. तू तिच्याशी वाद घातलास का?"

मी वाद घातला! मी!

अनुष्का तर हसायलाच लागली. "आजी रॉक्स. आई, तू जाऊन ये ना एकदा, बात खतम. तुला जिना चढताना होतं ना, ते... काय म्हणतात त्याला, साँस फूलना?"

"धाप."

"हां, धाप. मला इथून आवाज येतो तुझ्या धापेचा."

या घरात सगळ्यांना माझे आवाज ऐकू येतात.

३ फेब्रुवारी

सासूबाईंचं बीपी वर गेलंय. मशीन लावू देतात, गोळी घेत नाहीत. आज मी त्यांच्या पलंगापाशी उभी राहून ओरडले. पूर्ण ओरडताही आलं नाही, मध्येच दम संपला आणि मला त्यांच्याच पलंगावर बसावं लागलं. म्हटलं, "आई, तुम्हाला काही झालं तर लोक मला नावं ठेवतील. तेच हवंय का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "तुला काही झालं तर मला कोण नावं ठेवणार आहे?"

इतक्या वर्षांत मी त्यांचं काय वाईट केलं? खुबा मोडल्यावर बेडपॅनपासून सगळं केलं. आणि आता मी पार मेटाकुटीला आलेली असताना त्यांनी हा हट्ट धरलाय. म्हातारपणी माणसं लहान मुलांसारखी होतात, हेच खरं.

भटनागर मॅडमना फोन केला. शुक्रवारच्या बॅचमध्ये नाव घातलं. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच पाण्याचा ग्लास मागितला आणि दोन्ही गोळ्या गिळल्या. वर म्हणाल्या, "नाही गेलीस तर शनिवारपासून पुन्हा बंद."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणी झाली. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणी होत्या. हिरवा गाऊन घालून बाकावर रांगेत बसलो होतो. कपडे उतरले की डायरेक्टर आणि डाटा एंट्रीवाली एकसारख्याच दिसतात. सगळ्या जणी आपापल्या सुना, मुलं आणि जिमबद्दल बोलत होत्या. जिच्यासाठी आलो होतो त्या तब्येतीबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मॅमोग्राफी दुखली. पण तिथल्या मुलीने "बस हो गया आंटी, बस हो गया" म्हणत दोनदा खांद्यावर हात ठेवला आणि मला तो हात काढूच नये असं वाटलं. केवढी भुकेलेली असल्यासारखी मी.

रक्त घेताना सिस्टरला शीर सापडेना. तिने माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. बाटलीवर काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी कणीक मळत होते तेव्हा फोन आला. हॉस्पिटलची डॉक्टर.

"अलका जी? आप अभी कहाँ हैं?"

"घर पर. रोटी बना रही हूँ."

"आपका हीमोग्लोबिन पाँच दशमलव आठ है, बारह होना चाहिए. आप सुबह अकेली आई थीं? चलकर?"

"मेट्रो से."

मग म्हणाली, रोट्या राहू द्या, घरच्या कुणाला तरी घेऊन आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत या, जिना चढू नका.

मी फोन ठेवला आणि उरलेली कणीक मळून झाकून ठेवली. मग सुखदेवना सांगितलं.

ते म्हणाले, "शक्यच नाही. रिपोर्ट बदलला असेल कुणाचा तरी."

८ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलमधून लिहितेय. अनुष्काने डायरी आणून दिली.

दोन बाटल्या रक्त चढलं, तिसरी चालू आहे. सुखदेवनी रक्त दिलं. सुई बघूनच त्यांना घाम फुटला होता, असं अनुष्का सांगत होती.

पहिल्या दिवशी ते डॉक्टरांशी भांडत होते, ते मला पडद्याआडून ऐकू येत होतं. "पाँच कैसे हो सकता है? वो रोज़ ऑफिस जाती है. घर का सारा काम वही करती है. माँ को भी वही देखती है." डॉक्टर मुलगी तरुण होती. ती म्हणाली, "सर, मैं भी यही पूछ रही हूँ."

रक्त चढताना आधी थंडी वाजली, मग एक गंमत झाली. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं नाव वाचता आलं. कित्येक दिवसांत लांबचं काही वाचलंच नव्हतं मी. आणि जेवणाच्या ताटात वरण होतं त्याला चव होती. वरणाला चव असते हे मी विसरलेच होते.

मी आळशी नव्हते. हे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

घरी आणलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या आहेत, रक्त त्यामुळेच जात होतं. पण आतलं अस्तरही जाड झालंय, म्हणून त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाल्या, "कैंसर की जाँच करनी ज़रूरी है, घबराइए मत." हा शब्द बोलून झाल्यावर घाबरू नका म्हणतात.

अनुष्काने आठवडाभर रजा टाकली आहे. स्वयंपाकघरातून सतत हाका येतात. "आई, हिंग कुठे? आई, ही मेथी निवडायची म्हणजे नक्की काय करायचं?" सुखदेव सासूबाईंच्या गोळ्या देतात, बीपी लिहून ठेवतात. सासूबाई निमूटपणे सगळं घेतात. माझ्या खोलीच्या दारापर्यंत येतात, वॉकरवर हात टेकून बघतात आणि परत जातात. जिंकल्या ना त्या, म्हणून येत असतील.

आज दारातूनच म्हणाल्या, "झोप लागते का?"

म्हटलं, "लागते."

"दिवसा लागते का?"

"दिवसासुद्धा लागते, आई."

"मग झोप." आणि दार ओढून घेतलं. वॉकर उचलून उचलून गेल्या, आवाज होऊ नये म्हणून. पडल्या असत्या तर?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही.

अनुष्काने मला मिठी मारली, सुखदेव "चलो, बिल्कुल टेन्शन खतम" म्हणत नागपूरला अतुलभावजींना आणि माझ्या जावेला, नीलमला, फोन लावायला बाल्कनीत गेले. सासूबाईंनी बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायला सांगितली. सगळे जिलेबी खात होते.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आनंदाने नाही. इथे तरी खरं लिहायला हवं. गेला आठवडाभर मी मनात ठरवून टाकलं होतं. कॅन्सर असेल तर मी झोपून राहीन. कुणी उठ म्हणणार नाही. लोक फळं घेऊन येतील. अधिवेशनाचे पेपर दुसरं कुणी करेल. सुखदेव कणीक मळायला शिकतील, त्यांना शिकावंच लागेल. मी आजाराच्या भीतीने रोज रडत होते आणि त्याच वेळी असं पडून राहायची स्वप्नं बघत होते. आता सांगतात, काही नाही, गाठी आहेत, रक्त जरा वाढलं की पिशवी काढायचं साधं ऑपरेशन. तोपर्यंत नॉर्मल आयुष्य जगा.

नॉर्मल.

कुठली बाई असा विचार करते? माझ्या डोक्यात काही बिघाड झाला असेल तर त्याची तपासणी कुठल्या बॅचमध्ये असते?

२१ फेब्रुवारी, शनिवार

सुखदेवना सांगितलं. सांगायचं नव्हतं. ते दुपारी चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आता तुझ्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसते. सोमवारपासून रुटीन लागेल हळूहळू."

म्हटलं, "रिपोर्ट चांगला आला म्हणून मला रडू आलं."

"आनंदाने येतंच."

"आनंदाने नाही. आता मला परत उठावं लागणार म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तो आवाज येत होता.

मग म्हणाले, "मला दिसत होतं."

"काय?"

"तू खाली गेटजवळच्या बाकावर बसायचीस. ऑफिसातून आलीस की. मी बाल्कनीतून बघायचो. वर यायला तुला वेळ लागायचा."

"मग?"

"मग काय. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मी म्हटलं, बसते आणि येते ना वर. येतेच आहे ना."

मी ऐकून घेतलं. राग यायला हवा होता, एवढं कळत होतं. पण आत हात घालून पाहिला तर काहीच लागलं नाही. "चहा गार झाला," असं म्हणून मी तो प्यायले.

९ मार्च

ऑफिस सुरू केलं. शिरेतून लोहाची इंजेक्शनं चालू आहेत, हात सुयांनी काळेनिळे. जिना सलग चढले. कुणाला सांगावंसं वाटलं, पण जिना चढले यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणून भटनागर मॅडमना फक्त गुड मॉर्निंग म्हणाले.

ऑपरेशनची तारीख मिळाली, सात एप्रिल. नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, घरकाम नाही.

२९ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी सगळे टेबलाशी होतो. अनुष्का पोहे खात मोबाइल बघत होती. सासूबाई आत पलंगावर, दार उघडं. सुखदेव म्हणाले, "अलका, मी विचार करत होतो. आमचं मार्च एंड संपतंय, पण एप्रिलमध्ये ऑडिट आहे. मला रजा मिळणं कठीण. आईकडे कोण बघणार? तुझं आता हीमोग्लोबिनही छान आलंय. ऑपरेशन जूनमध्ये घेऊया का? तू मॅनेज करतेसच की."

मी पोह्यांची कढई उचलून सिंकमध्ये ठेवत होते. ती ठेवली नाही. आपटली.

मग जे सुरू झालं ते मलाही नवीन होतं. मी म्हटलं, "नाही घेणार जूनमध्ये." मी म्हटलं, "मी मॅनेज करते म्हणजे काय हो? तुम्ही बाल्कनीतून बघता आणि मी मॅनेज करते?" अनुष्काने मोबाइल खाली ठेवला. सुखदेव म्हणाले, "हळू बोल, शेजारी ऐकतील." मी म्हटलं, "ऐकू देत! सगळ्या सोसायटीला ऐकू दे! सगळ्यांना माझा बर्फ ऐकू येतो, धाप ऐकू येते, मग हेही ऐका. मी काला अंबला बसमध्ये बसून राहिले तेव्हा तुम्हाला लोकांची पडली होती. रक्त संपलेलं होतं माझं, आणि मी सॉरी म्हणाले. मी! सात तारखेला माझं ऑपरेशन आहे. बँकेला सांगा, नाहीतर अतुलभावजींना आणि नीलमला बोलवा, नाहीतर बाई ठेवा, काय वाटेल ते करा. मला विचारू नका. मला हिंग कुठे आहे तेसुद्धा विचारू नका!"

सुखदेवांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "अगं, मी फक्त विचारलं."

"तेच ना! आता विचारलंत!"

इतकं ओरडूनही मला दम लागला नव्हता. अनुष्काच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. सुखदेवनी उठून मोबाइल घेतला आणि अतुलभावजींचा नंबर लावला. "हां, अतुल. ऐक. सात तारखेच्या आत नीलमला घेऊन दिल्लीला येता येईल का? नाही, नाही, पुढे ढकलता येणार नाही. मी रजा टाकतोच आहे, पण मला एकट्याला जमणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

आतून सासूबाईंचा आवाज आला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचत असेल असा.

"अलका, अजून काही राहिलं असेल तर आत्ताच बोलून टाक."

मी खुर्ची ओढली आणि बसले. राहिलं होतं. बरंच राहिलं होतं.